भुंगेरा बांध बघत नाही



सकाळी मोबाईल उघडला की पंधरा-वीस गुड मॉर्निंग येऊन पडलेले असतात. उगवत्या सूर्याचं चित्र आणि खाली ओळ, सकारात्मक राहा, यश तुमचंच आहे. मागं एका मेळाव्यातही हेच ऐकलं. बाहेरून एक वक्ते आले होते, तास-सव्वा तास बोलले. शेतकऱ्यानं आधी मानसिकता बदलली पाहिजे, रडगाणं सोडलं पाहिजे, रोज आरशासमोर उभं राहून 'मी यशस्वी आहे' असं म्हटलं पाहिजे. माझ्या शेजारी जो गडी बसला होता त्यानं त्याच आठवड्यात हमीभावाच्या खाली सोयाबीन घातलं होतं. त्यानं टाळ्या वाजवल्या नाहीत. मीही वाजवल्या नाहीत.

आता कुणी म्हणेल, तुमचा चांगल्या विचाराला विरोध आहे. अजिबात नाही. जो पेरतो तो सकारात्मकच असतो, नाहीतर घरातलं चांगलं बी मातीत कोण टाकील? पण भाव, पीकविमा, रात्रीची वीज हे प्रश्न आरशासमोर सुटत नाहीत. त्याला भांडावंच लागतं. शेतकरी अडचणीत आहे कारण त्याचे विचार वाईट आहेत, असं जो सांगतो तो आपल्या अंगावरची जबाबदारी आपल्याच अंगावर परत टाकतोय, एवढं ओळखा.

तरी एक गोष्ट मी इतक्या वर्षांत बघत आलोय. नुकसान सारखंच होतं, पण एका वस्तीवरची माणसं आठ दिवसांत परत उभी राहतात आणि दुसऱ्या वस्तीवरची आपापल्या घरात गप्प बसून राहतात. फरक डोक्यातल्या विचारांचा असेल असं पूर्वी वाटायचं. आता मला वाटतं की फरक एवढाच असतो, त्या वस्तीवर सगळे मिळून करतात असं एखादं तरी काम शिल्लक आहे का नाही.

आमच्याकडचं उदाहरण सांगतो. हुमणीचं.

आमचा भाग ऊस, सोयाबीन, भुईमुगाचा. हुमणी काय करते हे ज्याचा ऊस गेलाय त्याला सांगायला नको. पानं पिवळी पडतात, बेट हातानं ओढलं तरी वर येतं, खाली मुळ्याच नसतात. तोवर ऑगस्ट उजाडलेला असतो. मग माणूस दुकानात पळतो, महागाचं औषध आणतो, आणि मोठी झालेली अळी त्याला दाद देत नाही. पैसा गेला, ऊसही गेला.

हिची खरी वेळ आधीची आहे. वळवाचा पहिला मोठा पाऊस पडला की मातीत दबा धरून बसलेले भुंगेरे संध्याकाळी अंधार पडताना बाहेर निघतात. बाभळीवर, कडुनिंबावर, बोरीवर जमतात, पाला खातात, तिथंच नर-मादी एकत्र येतात आणि पहाटेच्या आत परत मातीत जातात. पुढच्या काही दिवसांत मादी अंडी घालायला लागते, एकेक मादी साधारण 50 ते 60. वर्षाला हिची पिढी एकच. म्हणजे त्या पाच-सात रात्रींत शंभर माद्या धरल्या तर पाच हजारांच्या वर अळ्या जन्मालाच येत नाहीत. फवारणी नाही, आळवणी नाही. काठीला आकडी बांधायची, फांदी हलवायची, खाली ताडपत्री टाकायची, पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. आठवीतलं पोरगंही करू शकतं.

मग होत का नाही? कारण एकच वाक्य. 'आपण एकट्यानं करून काय होतंय?'

लोक ह्या वाक्याला नकारात्मक म्हणतील. पण मित्रांनो, हुमणीच्या बाबतीत हे वाक्य खरं आहे! मी माझा लिंब झाडून घेतला आणि शेजाऱ्याची बाभूळ तशीच राहिली तर त्याच्या बाभळीवरचा भुंगेरा माझ्या भुईमुगात अंडी घालायला मोकळा. भुंगेरा सातबारा वाचत नाही. म्हणून ज्यानं हे वाक्य म्हटलं त्याला 'चांगला विचार कर' असं सांगून उपयोग नाही. त्याचा हिशोब बरोबर आहे. तो एकटा राहणार नाही एवढी सोय करायला पाहिजे.

आमच्या वस्तीवर एका बांधावर मोठी बाभूळ आहे. बाभूळ कुणाची ह्यावरून दोन भावकीतल्या घरांत अकरा वर्षं बोलणं बंद. मोजणी झाली, तारखा झाल्या. आणि सगळ्यात जास्त भुंगेरे त्याच झाडावर. एकानं फांदी हलवली तर दुसरा म्हणणार, बघा, झाडावर हक्क सांगतोय. म्हणून दोघंही हात लावत नव्हते आणि दोघांचाही ऊस जात होता. आजूबाजूच्या चार-पाच जणांचा जात होता तो वेगळाच.

तिथं समजूत घालायला कुणी गेलं नाही, हे बरं झालं. आम्ही एवढंच ठरवलं की झाडं मालकावर वाटायची नाहीत, रात्रीवर वाटायची. म्हणजे पहिल्या पावसानंतर पहिल्या रात्री ओढ्याकडची सगळी झाडं, दुसऱ्या रात्री पाणंदीची, असं. टोळी सगळ्यांची मिळून. त्यात त्या दोन्ही घरांतली पोरं होती. बाभूळ पोरांनी झाडली, थोरले आपापल्या उंबऱ्यात बसून बघत होते. ते दोघं आजही एकमेकांच्या घरी जेवायला जात नाहीत. पण पाण्याची पाळी संपली की आता एकाचं पोरगं दुसऱ्याला फोन करतं, 'काका, दार तुमच्याकडं फिरवतो.' मला तेवढं पुष्कळ आहे. आधी मनं जुळू देत, मग काम करू, अशी वाट बघितली असती तर हुमणीनं खोडव्यासकट सगळं खाल्लं असतं.

एक मालक पुण्याला नोकरीला. त्याच्या रानात चार लिंब. त्याला फोन केला, तो म्हणाला, 'विचारता काय, झाडा की!' काही माणसं नाही म्हणतील असं आपण घरी बसूनच ठरवून टाकलेलं असतं.

आणि पोरांचं डोकं बघा. रेशनचं रॉकेल आता मिळत नाही, तर त्यांनी धुण्याची पावडर पाण्यात कालवली. भुंगेरा त्यात पडला की वर येत नाही. तीन बांबूंची तिकटी, मधे बल्ब, खाली प्लॅस्टिकचं मोठं घमेलं, झाला प्रकाश सापळा. एकानं घमेल्याच्या काठावर जुन्या पत्र्याचे तुकडे उभे केले, भुंगेरा त्यावर आपटून सरळ पाण्यात पडतो. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. बारावीला गणितात अडकलेला पोरगा तो, घरात रोज बोलणी खायचा. आज वही त्याच्याकडं असते. तारीख, पाऊस किती, कुठल्या झाडावर किती बादल्या. कृषी सहायक साहेब आले तर ती वही आधी मागतात. सापळा कधी बंद करायचा हेही त्यानंच बघून ठरवलं. साडेसातला लावायचा, साडेनऊ-दहाला बंद. रात्रभर जळत ठेवला की आपले मित्रकीटकही जाऊन पडतात.

हुमणी संपली असं मी लिहिणार नाही. दुसऱ्या वर्षी बादल्या कमी भरल्या, पण त्या वर्षी पाऊसही वेगळा झाला होता, म्हणून पक्कं सांगता येत नाही. जूनमध्ये शेणखतातून मेटारायझियम टाकतो तेही काही जण टाकतात, काही नाही. ती बुरशी ओल असली तरच चालते, कोरड्यात टाकून शिव्या देऊ नका. जे नक्की सांगता येतं ते एवढंच, मे महिन्यात आता कुणी 'एकट्यानं काय होतंय' म्हणत नाही. 'काठ्या कुठं ठेवल्यात' विचारतात.

जुनी माणसं हसतील, यात नवं काय म्हणून. खरंय. पैरा होता, वारंगुळा होता, कुठं सावड म्हणतात. इर्जिक घातली की दहा-बारा घरची औतं एका रानात उतरायची आणि मालक जेवण द्यायचा. ट्रॅक्टर आला, मजुरी रोख झाली आणि आम्हा गड्यांचा पैरा मोडला. बायकांनी मात्र मोडला नाही बरं का. आमच्याकडं भांगलण अजून पैऱ्यानं चालते. आज हिच्या रानात, उद्या तिच्या. गेल्या साली एका घरचा कर्ता पुरुष अंथरुणाला खिळला. त्या बाईनं कुणाला काही मागितलं नाही, पण तिच्या सोयाबीनला तण राहिलं नाही. पैऱ्यातल्या बायका दोन दिवस जास्तीच्या गेल्या, हिशोब कुणी धरला नाही. त्या बाईशी दिवसभर कुणीतरी बोलत होतं, हे मला भांगलणीपेक्षा मोठं वाटतं. गड्यांना अशी बोलायची जागाच उरलेली नाही. कर्जाचं ओझं आपण पारावरही बोलत नाही, तिथं फक्त राजकारण.

लहान कामाचं एवढं काय, असं वाटत असेल त्यांनी आपल्या सांगली जिल्ह्यातलं बळीराजा धरण आठवावं. खानापूर तालुक्यात, येरळा नदीवर. 1980 च्या दशकात बलवडी आणि तांदुळवाडी ह्या दोन गावांनी ते उभं केलं. नदी कोरडी, ठेकेदार वाळू उपसून नेत होते. लोक म्हणाले, वाळू आमच्या नदीची आहे, आम्ही विकू आणि त्या पैशात बंधारा बांधू. लोकांनी श्रमदान केलं, जाणकारांनी आराखडे करून दिले. आणि पाण्यावर हक्क कुणाचा? ज्याला जमीन नाही त्याचाही. आता सांगा, ह्यात नुसती सकारात्मकता होती का? संघर्षही होता, सरकारशी भांडणही होतं. जी वाळू गावाबाहेर चालली होती तीच त्यांना भांडवल दिसली. ज्याला सृजनशील वगैरे म्हणतात ते हेच असावं.

आता कामाचं. यंदा वळीव कधी येईल सांगता येत नाही, म्हणून तयारी आत्ताच करा. आपल्या शिवारातल्या बाभळी, लिंब, बोरी मोजून ठेवा, कुणाची कुठली ते लिहू नका, फक्त किती आणि कुठं. काठ्यांना आकड्या बांधून एका घरी ठेवा. पोरांना चप्पल नको, बूट घालायला लावा, रात्रीचं साप-किरडू असतं. विजेच्या तारेखालचं झाड आकडीनं हलवू नका. वीज कडाडत असेल तर त्या रात्री घरी बसा. आणि ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याच्या घरी मोठ्यानं जाऊ नका, पोरगं पाठवा, हातात रिकामी बादली देऊन.