कार्बाइड गनला वात नसते, खरा धोका तिथेच आहे

दिंडोरीला द्राक्षबाग असलेल्या माझ्या आतेभावाने परवा व्हॉट्सॲपवर एक रील पाठवली. प्लॅस्टिक पाइपची बंदूक, एक खटका आणि कानठळ्या बसवणारा बार. खाली प्रश्न: "पाखरं हाकलायला घेऊ का रे? दोनशेला मिळतेय."

हीच ती कार्बाइड गन. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात तिने हाहाकार माजवला. काही दिवसांत भोपाळ आणि आसपासच्या दवाखान्यांत शंभराहून जास्त जण डोळ्यांच्या जखमा घेऊन आले. त्यांत बहुतेक शाळकरी मुलं होती आणि काहींची नजर कायमची गेली. बंदूक दीडशे-दोनशे रुपयांना रस्त्यावर विकली जात होती. माकडं पळवायचं साधन म्हणून शेतकऱ्यांना ती आधीपासून माहीत होती. रील्समुळे ती मुलांच्या हातात गेली.

आता ही चीज नेमकी काय आहे ते बघू. कॅल्शियम कार्बाइड म्हणजे आंबे-केळी झटपट पिकवायला चोरून वापरतात तो राखाडी खडा. फळांसाठी त्यावर बंदी आहे. त्याला पाणी लागलं की ॲसिटिलीन वायू सुटतो, मागे चुना उरतो आणि भरपूर उष्णता तयार होते. ठिणगी पडली की वायू भडकतो आणि बार होतो. म्हणजे यात फटाक्याची दारू नाहीच, हा बंद नळीतला गॅसचा स्फोट आहे.

पण गॅस गॅसमध्ये फरक असतो. घरातला एलपीजी हवेत साधारण २ ते १० टक्के असेल तेव्हाच पेट घेतो. त्यापेक्षा कमी किंवा जास्त झाला तर नाही. ॲसिटिलीनसाठी हीच मर्यादा अडीच टक्क्यांपासून थेट ८० टक्क्यांच्या पुढे जाते. शिवाय त्याला अगदी बारीकशी ठिणगी पुरते. अंबड किंवा सातपूरला कुठल्याही वेल्डिंगच्या दुकानात विचारा, या गॅसला लोक किती जपून असतात. दाबाखाली तो हवेशिवायही फुटू शकतो, म्हणून सिलिंडरमध्ये सच्छिद्र पदार्थ भरून, ॲसिटोनमध्ये विरघळवून ठेवतात. ज्वाला उलटी फिरू नये म्हणून नळीला वेगळा अरेस्टर लावतात. इतका बंदोबस्त कारखान्यात, आणि इथे तोच गॅस पाइपच्या तुकड्यात!

आता साध्या सुतळी बॉम्बचा विचार करा. त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट माझ्या मते दारू नाही, वात आहे. वात तुम्हाला काही सेकंद विकत घेऊन देते. पेटवा, पळा, मग फुटेल. नियमांतही हे अंतर धरलेलं आहे: फटाक्याच्या आवाजाची १२५ डेसिबलची मर्यादा फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर मोजतात. कार्बाइड गनमध्ये ना वात, ना अंतर. खटका तुमच्या हातात आणि स्फोटही तुमच्याच हातात.

त्यात हिचा बार वेळेवर होईलच असं नाही. खडा आणि पाण्याची प्रक्रिया हळूहळू चालते, ठिणगी कधी पडते, कधी नाही. खटका दाबला, काहीच झालं नाही. मग माणूस काय करतो? नळीत डोकावतो. फुसका निघालेला फटाका जवळ जाऊन बघायची आपली जुनी खोड आहेच. पण इथे आत गॅस तयार होतच असतो, आणि तो पुढच्या कुठल्या क्षणी पेटेल याचा नेम नसतो. स्फोट होतो तेव्हा डोळा थेट नळीच्या तोंडाशी असतो.

रीलमध्ये हे दिसत नाही. तिथे न वाजलेले पाच बार कापलेले असतात आणि वाजलेला एक ठेवलेला असतो. बघणाऱ्याला वाटतं, दाबलं की वाजतं.

कायद्याचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टाने २३ ऑक्टोबर २०१८ लाच फटाक्यांची ऑनलाइन विक्री बंद केली. नागपूरच्या 'नीरी'ने तयार केलेल्या ग्रीन फटाक्यांच्या खोक्यावर क्यूआर कोड असतो, स्कॅन करून खरा-खोटा तपासता येतो. (ग्रीन म्हणजे कमी धूर, भाजत नाही असं नव्हे.) कार्बाइड गन मात्र 'फटाका' म्हणून विकलीच जात नाही. शेतीचं साधन, खेळणं, काहीही नाव चालतं. कार्बाइड साठवण्या-विकण्यासाठी १९८७ चे वेगळे नियम आहेत, पण चौकातल्या किरकोळ पुड्यांपर्यंत ते पोचत नाहीत. माझं मत विचाराल तर विकणाऱ्या पोराला पकडून फार काही होणार नाही. कार्बाइड येतं कुठून, ते धरायला हवं.

आतेभावाची अडचण खोटी नाही. घड भरत आले की पाखरं अख्खी ओळ टोचून ठेवतात. परदेशातल्या द्राक्षबागांत आवाजाच्या गॅस तोफा वापरतात, पण त्या प्रोपेनवर चालतात, मोजून गॅस घेतात, ठरावीक वेळाने आपोआप वाजतात आणि माणूस लांब असतो. त्याला मी जाळीच सुचवली. महाग आहे, हे त्यानेही ऐकवलं.

शेवटी डोळ्यांचं. नळीतून बाहेर येतो तो फक्त जाळ नाही, पानाला लावतात तोच चुना गरम होऊन उडतो. शाळेत आम्ल आणि आम्लारी शिकलो होतो ना? डोळ्यासाठी आम्लारी बहुतेक वेळा जास्त वाईट. ते पेशींतली चरबी विरघळवत आत आत जातं, आणि हात धुतल्यावरही काम चालू ठेवतं.

म्हणून कुणाच्या डोळ्यात हे गेलंच तर चोळू देऊ नका. चेहऱ्यावरचे खडे किंवा पावडर आधी कोरड्या कापडाने झटका, मग स्वच्छ वाहत्या पाण्याने डोळा उघडा धरून किमान अर्धा तास धुवा. लिंबू, दूध, गुलाबपाणी, तूप, हळद काही नको. पाइपचा तुकडा रुतला असेल तर तो काढू नका, डोळा दाबूही नका. १०८ ला फोन करा. नाशिकमध्ये असाल तर त्र्यंबक रोडचं सिव्हिल गाठा, आणि 'फटाका उडाला' असं न सांगता डॉक्टरांना 'कार्बाइड आहे' असं स्पष्ट सांगा. उपचार त्यावरून ठरतात.