एवढं काय त्यात!

लग्नाच्या पंगतीत मठ्ठा आंबलाय असं मोठ्यानं म्हणणारा माणूस आणि नव्या गाडीच्या रंगात खोट आहे असं म्हणणारा माणूस, या दोघांकडे आपल्याकडे सारख्याच नजरेनं पाहतात. त्यांचं म्हणणं खरं असतं, हीच त्यांची पंचाईत. मग कोणीतरी वडीलधारा पुढे होतो आणि 'एवढं काय त्यात!' हे आपलं राष्ट्रीय मलम त्यांच्या तोंडाला फासतो. माझं भांडण या मलमाशी आहे.

मी बँकेतला कारकून. त्यात बी.कॉम. जमा आणि नावे जुळल्याशिवाय घास गिळत नाही. अशा माणसानं आयुष्यातली पहिली नवी गाडी घेतली. शोरूममध्ये हार, पेढे, पुठ्ठ्याची हातभर किल्ली आणि फोटो. लग्नात नवरीसाठी नव्हती एवढी प्रकाशयोजना. त्या प्रकाशात गाडी निर्दोष दिसली. मी म्हटलं, जरा बाहेर काढा. महिना एप्रिल, गाव सोलापूर. आमच्या उन्हात लपतो तो फक्त माणूस. बाकी सगळं दिसतं. बॉनेटवर रंगाखाली अडकलेले कचऱ्याचे तीन कण, दारावर रंगाचा एक सुकलेला ओघळ, आणि मागचा बंपर गाडीच्या निळ्या रंगाचा चुलतभाऊ.

"काका, तो लाईटचा इफेक्ट आहे," विक्रेता म्हणाला.

सूर्याला लाईट म्हणणारा माणूस मी प्रथमच पाहिला. पुढचे युक्तिवाद क्रमानं आले. दुसरा : 'सगळ्याच गाड्यांना असतं.' तिसरा : 'पॉलिश मारलं की जातं.' चौथा हुकमाचा : 'फुकट रंगवून देऊ की!'

हा हुकमाचा पत्ता नीट तपासावा. कारखान्यात रंग लागतो तेव्हा गाडी म्हणजे नुसता पत्र्याचा सांगाडा असतो. त्याला बुडवून गंजरोधक थर देतात, मग प्रायमर, मग रंग, वर पारदर्शक थर. आणि मधूनमधून १४० ते १८० अंशांच्या आसपास भट्टीत भाजतात. तयार गाडीत वायरी, रबर आणि प्लॅस्टिक असतं. तिला त्या भट्टीत घातलं तर बाहेर येईल ते भरीत. म्हणून वर्कशॉपात वेगळा रंग, वेगळं रसायन, आणि ६०-८० अंशांची ऊब. कारागीर चांगला असेल तर काम देखणं होतं, नाही असं नाही. पण कारखान्याचा रंग तो हा नव्हे. सगळे थर मिळून जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. उद्या गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक जाडी मोजायचं यंत्र लावणार आणि म्हणणार, 'काका, गाडी ठोकली होती काय?' पॉलिशचं तर बोलूच नका. ते वरचा पारदर्शक थरच थोडा घासून काढतं. म्हणजे 'फुकट' या शब्दाचं बिल भविष्यकाळात येतं.

घरीही मलम तयारच होतं. "अहो, आठ दिवसांत भाजीवाल्याचा हातगाडा घासणारच आहे," ही म्हणाली. घासू दे की! तो ओरखडा मला फुकट मिळेल. हा मी पैसे मोजून का घ्यावा?

आमचं गाव चादरी-टॉवेलचं. टॉवेलात एक धागा तुटला की तो 'सेकंड'च्या ढिगात जातो, भाव उतरतो, आणि विकणारा तोंडानं सांगतो, 'साहेब, सेकंडचा माल आहे.' टॉवेलाला जो प्रामाणिकपणा परवडतो तो लाखांच्या गाडीला परवडू नये? आमच्या काउंटरवर फाटकी नोट आली तर 'लाईटचा इफेक्ट' म्हणायची सोय नाही. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे : ५० रुपये किंवा वरच्या नोटेचा सर्वांत मोठा सलग तुकडा ८० टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण किंमत, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मी. फाटक्या नोटेला मोजमाप आहे. नव्या गाडीला नुसतं 'चालायचंच'.

ही सवय कुठून आली, तेही सांगतो. वालचंद हिराचंद १८८२ साली याच सोलापुरात जन्मले आणि १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. पुढे कित्येक वर्षं गाडी ही नंबर लावून वाट बघायची वस्तू होती. मिळालेल्या गाडीचा रंग तपासणं म्हणजे प्रसादाच्या शिऱ्यात साखर कमी आहे म्हणण्यासारखं. तो काळ संपला. गाड्या आता गिऱ्हाइकाची वाट बघतात, पण आपले हात अजून प्रसाद घेतल्यासारखेच पुढे होतात.

तिकडे अमेरिकेत बघा. १९९० साली अलाबामाच्या डॉ. आयरा गोर यांनी सुमारे ४० हजार डॉलरला नवी बीएमडब्ल्यू घेतली. नऊ महिन्यांनी चमकवायला नेली तेव्हा कारागिरानं ओळखलं, ही आधीच पुन्हा रंगवलेली आहे. दुरुस्तीचा खर्च किमतीच्या ३ टक्क्यांच्या आत असला तर गिऱ्हाइकाला सांगायचं नाही, असं कंपनीचं धोरणच होतं. डॉक्टरसाहेब 'एवढं काय त्यात' म्हणाले नाहीत. ज्युरीनं ४ हजार डॉलर भरपाई आणि वर ४० लाख डॉलर दंड ठोकला. दंड आधी निम्मा झाला, १९९६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला तोही अवाजवी वाटला, आणि शेवटी अलाबामाच्या कोर्टानं तो ५० हजारांवर आणला. तरी गाडीच्या किमतीपेक्षा जास्तच!

आपल्याकडेही बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली ती उगाच नव्हे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'दोष' याच्या व्याख्येत गुणवत्तेतली उणीव आणि अपूर्णताही येते. 'लाईटचा इफेक्ट' येत नाही. तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, आणि पाच ते दहा लाखांच्या गाडीसाठी जिल्हा आयोगाची फी २०० रुपये. गाडीला घातलेला हार याहून महाग असेल.

मी डिलिव्हरीच्या कागदावर तिन्ही दोष लिहिले आणि म्हटलं, "शिक्का मारा." शोरूममधलं सनईचं संगीत तिथंच थांबलं. पेढे आत गेले, मॅनेजर बाहेर आले. चार फेऱ्यांनंतर बंपर बदलून मिळाला. कण आणि ओघळ मी तसेच ठेवले, त्यांना हात लावू दिला नाही, आणि त्यांची किंमत लेखी कापून घेतली. टॉवेलाचा न्याय.

तेव्हा विकणाऱ्यांनो, खोट असेल तर सांगा, दुरुस्त केली असेल तर कागदावर लिहा, आणि भाव उतरवा. घेणाऱ्यांनो, गाडीची नोंदणी होण्याआधी चासी नंबर जुळवून ती उन्हात बघा. नंबर पडला की सौदा मोडणं जड जातं. डाग दिसला तर लिहा, आणि शिक्का मिळेपर्यंत पेढ्याला हात लावू नका. तोंडात पेढा असला की माणसाला 'नाही' म्हणता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.