आधी हाताने फिरवा

हिंगोली किंवा वसमतच्या एखाद्या गॅरेजात मोटारीची टायमिंग चेन बदलताना पाहा. जाणता मिस्त्री नवी चेन चढवल्यावर लगेच चावी फिरवीत नाही. तो स्पार्क प्लग काढून ठेवतो, क्रँकशाफ्टच्या बोल्टला पाना लावतो आणि इंजिन हाताने, हळूहळू, दोन पूर्ण फेरे फिरवतो. शेजारचा शिकाऊ पोरगा कंटाळतो. ‘स्टार्टर मारला की कळेलच,’ असे त्याला वाटते. कळते खरे, पण तोवर झडपा वाकलेल्या असतात!

असे का व्हावे? क्रँकशाफ्ट दट्ट्या वरखाली नेतो, कॅमशाफ्ट झडपा उघडतो आणि चेन या दोघांचा मेळ राखते. पहिल्याचे दोन फेरे होतात तेव्हा दुसऱ्याचा एक होतो. पुष्कळ इंजिनांत दट्ट्या आणि उघडी झडप एकच जागा पाळीपाळीने वापरतात. पाळी चुकली की टक्कर. समजा, क्रँकच्या दंतचक्राला 20 दात आहेत आणि कॅमच्या चक्राला 40. चेन एक दात चुकली, तर क्रँकच्या हिशेबाने 18 अंशांचा फरक पडतो. एवढ्यावर काही इंजिने नुसती अडखळतात. आणखी एक-दोन दात चुकले, तर दट्ट्या झडपेवर आदळू शकतो.

म्हणून चेन निघालेली असताना मिस्त्री कोणताही शाफ्ट एकटा फिरवीत नाही. हाताने फिरवताना अडथळा लागला, तर जोर करीत नाही. थांबतो आणि खुणा पुन्हा जुळवतो. दोन फेऱ्यांनंतर दंतचक्रांच्या खुणा जागेवर आल्या, तरच पुढचे काम.

गॅरेजात हा नियम ‘असेच करायचे असते’ म्हणून सांगितला जातो. शाळेत 2:1 हे गुणोत्तर शिकवले जाते, पण ते कोठे उपयोगी पडते हे सांगितले जात नाही. आमच्या मते दोन्ही शिक्षणे अर्धीच आहेत. ज्याचे कारण ठाऊक नाही, तो नियम घाईच्या दिवशी आधी मोडतो. मग इंजिनाचे हेड उतरवावे लागते, झडपा बदलाव्या लागतात आणि ज्याचे पोट त्या गाडीवर आहे त्याचा रोजगार बुडतो.

औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडिया वेधशाळेला केंद्र सरकारने 2023 साली सुमारे 2600 कोटी रुपये मंजूर केले. तिचा अभिमान बाळगावाच. परंतु ‘आधी पडताळा, मग सुरू करा’ ही विज्ञानाची शिस्त शिकायला तेवढी मोठी यंत्रणा लागत नाही. शिक्षकांनी नववीचा वर्ग तासभर गावच्या गॅरेजात न्यावा आणि मिस्त्रीच्या हातातला पाना एकेका विद्यार्थ्याच्या हाती द्यावा.