पाठभेद आणि श्रद्धा

मध्यंतरी माझ्या गायनवर्गात एक प्रसंग घडला. तसा तो क्षुल्लक. पण मनातून अजून जात नाही. वर्ग सुटला होता, मुले तंबोऱ्यांना गवसण्या घालीत होती. तेवढ्यात एकाने वर्गातल्या ख्रिस्ती मुलाला विचारले, "मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठला, याला पुरावा काय रे?" बाकीचे हसले. तो मुलगा काही न बोलता जोडे घालून निघून गेला. मी तेथेच होतो; आणि सांगावयास लाज वाटते, मीही हसलो. पुढचे दोन शनिवार तो आला नाही.

माझे वडील ऐन तरुणपणी होळकर दरबारात पखवाजाच्या साथीला बसत. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. दुसऱ्या घराण्याची चीज कोणी चुकीची ठरवली, की ते एवढेच विचारीत, "ती तू कोणापाशी बसून ऐकलीस?" बहुतेकांची बोलती तेथेच बंद होई. त्या दिवशी हाच प्रश्न मी माझ्या वर्गाला विचारावयास हवा होता.

बायबलविषयी प्रश्नच विचारू नयेत, असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. मराठी माणसाने ते खणखणीत विचारलेले आहेत. 1857 च्या आरंभी विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी उघड वाद करीत, आणि ऐकावयास लोक जमत. तो वाद पुढे छापूनही निघाला. परंतु अशा जाहीर वादांत एक खोट राहून जाते. परक्याच्या ग्रंथाला जे माप लावावयाचे, ते आपल्या ग्रंथापाशी आले की खुंटीला टांगावयाचे! पुराणांतील चमत्कारांना हसणारे मिशनरी आपल्या ग्रंथातील चमत्कार मात्र पुरावा म्हणून पुढे करीत. आपल्याकडचे वादपटूही याला सर्वस्वी अपवाद नव्हते.

याहून कठीण वाट पंडिता रमाबाईंनी धरली. भागवत मुखोद्गत असलेली ही शास्त्र्याची लेक 1883 साली इंग्लंडात वाँटेज येथे ख्रिस्ती झाली. पण धर्म घेतला म्हणून बुद्धी गहाण टाकली नाही. त्रैक्याच्या सिद्धान्तावरून त्यांचा तेथल्या जोगिणींशी पत्रांतून दीर्घ वाद झाला. चर्च सांगते एवढ्यावरून मानावयास त्या तयार नव्हत्या. ग्रंथात काय आहे ते स्वतः पाहू, हा त्यांचा बाणा. पुढे त्यांची श्रद्धा दृढ झाली, तरी तो बाणा सुटला नाही. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सबंध बायबल साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत आणले. एप्रिल 1922 मध्ये त्या वारल्या, त्याआधी हे काम त्यांनी तडीस नेले होते. प्रश्न विचारण्याचा अधिकार असा कमवावा लागतो.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. मार्काच्या शुभवर्तमानाचा सोळावा अध्याय पाहा. पुनरुत्थित येशू शिष्यांना भेटतो, ती त्यातली शेवटची बारा वचने चौथ्या शतकातल्या दोन अत्यंत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाहीत. तेथे मार्काचे वर्तमान रिकाम्या कबरीपाशी, भयभीत झालेल्या स्त्रियांपाशी थांबते. हे शोधून काढणारे पुष्कळसे विद्वान स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती होते, आणि आजच्या कित्येक बायबलांत तशी टीप छापलेली असते.

आपल्याला यात नवल वाटू नये. शके 1506 मध्ये, म्हणजे इ. स. 1584 साली, एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तीत कोणी नवी ओवी घालू नये असे बजावले. पाठ तपासल्याने नाथांची भक्ती उणावली असे कोणी म्हणेल काय? उलट, भक्ती होती म्हणूनच त्यांनी एवढा खटाटोप केला.

माझे म्हणणे एवढेच. कोणते वचन जुने, कोणते मागाहून आले, कोणत्या शब्दाचा अर्थ काय, हे पुराव्याने ठरते. तेथे श्रद्धेने आड येऊ नये. पहिल्या शिष्यांचा पुनरुत्थानावर विश्वास होता, हेही इतिहास सांगू शकतो. ते खरोखर घडले काय, येथे मात्र त्याचे माप अपुरे पडते. मानणाऱ्याने त्याला सिद्ध झालेली गोष्ट म्हणू नये, न मानणाऱ्याने मानणाऱ्याला मूर्ख समजू नये. आणि दोघांनीही तेच माप आपापल्या पोथीला लावावे.

तिसऱ्या शनिवारी मी त्या मुलाच्या घरी गेलो आणि माझे चुकले म्हणून सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, तो प्रश्न मलाही पडतो. पण हसून कोणी विचारला, की मग मला स्वतःलासुद्धा विचारता येत नाही."

आता तो पुन्हा वर्गाला येतो. प्रश्न विचारणाऱ्याला मी मार्काचे सोळा अध्याय वाचून यावयास सांगितले आहे, आणि जोडीला ज्ञानेश्वरीचा बारावा. दोन्ही त्याने अद्याप उघडलेले नव्हते. खरे सांगावयाचे तर, मार्क मीही नव्हता उघडला.