मापाचा हात

धनजच्या शेतकऱ्याच्या हातांत आतां मोबाइल आहे, आणि कारंज्याचा, वाशीमचा, अकोल्याचा सोयाबीनचा भाव त्याला घरबसल्या कळतो. ज्याच्या आज्यानें भाव ऐकला तो अडत्याच्याच तोंडून, त्याला ही सोय लहान वाटणार नाहीं.

या बाबतींत कारंजें मोठ्या मानाचें गांव. वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यांत आलें १८५३ सालीं. पुढें अमेरिकेंतील यादवी युद्धानें (१८६१-६५) मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, तेव्हां साहेबांची दृष्टि आमच्या काळ्या जमिनीकडे विशेषच वळली. १८८६ सालीं हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमानें कारंज्यास नियंत्रित बाजार स्थापन झाला. देशांतील तो पहिला मानतात. १८९७ सालीं वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांचा कायदाहि झाला. यांत शेतकऱ्याविषयींची कळकळ किती आणि गिरण्यांना चांगला माल बेताच्या किंमतींत मिळावा ही निकड किती, याचा निवाडा वाचकांनीं करावा. मला दुसरीच गोष्ट खरी वाटते. तथापि अडते व मापारी यांना परवाना घ्यावा लागला, हा लाभ खराच.

आज कांटा विजेचा आहे, पण तंटा सरकला आहे ओलाव्यावर. सोयाबीनच्या सरकारी खरेदीस ओलावा १२ टक्क्यांपर्यंत चालतो. २०२४ च्या नोव्हेंबरांत तो १५ टक्क्यांपर्यंत सैल करावा लागला. त्या वर्षीं हमीभाव क्विंटलमागें ४,८९२ रुपये होता. परतीचा पाऊस, तोंडावर दिवाळी, मजुरांची मजुरी आणि दुकानदाराची उधारी! अशा वेळीं माल चार दिवस वाळत घालण्यास ज्याला उसंत नाहीं, त्याला मोबाइलवरील भाव पाहून काय उपयोग? शिवाय ओलावा मोजण्याचें यंत्र असतें घेणाऱ्याच्या हातांत. विकणारा केवळ आंकडा ऐकतो. चार-पांच घरांनीं मिळून तसलें एक यंत्र गांवांत ठेवलें आणि गाडी भरण्यापूर्वींच माल तपासला, तर बाजारांत निदान बोलण्यास तोंड राहील.

आमच्यापैकीं पुष्कळांची शेती मक्त्यानें दिलेली असते. ठरलेली रक्कम आपल्या खात्यांत येते; ओलाव्याची कपात सोसतो तो मक्तेदार. यंदां मक्ता ठरवितांना त्याला एवढें तरी विचारावें, कीं गेल्या हंगामांत त्याचें सोयाबीन कोणत्या आंकड्यावर गेलें.