कॉफी विका, पण नाव-गाव सांगून

खजुराच्या दुकानात गेले की आमचा दुकानदार अजवा वेगळी दाखवतो, मबरूम वेगळी, कलमी वेगळी, आणि प्रत्येकीचा भाव वेगळा सांगतो. अत्तरवाला तर ऊद कुठला, गुलाब कुठला हे विचारण्याआधीच सांगू लागतो. मात्र त्याच रांगेतल्या किराणा दुकानात कॉफी मागा, "पावडर आहे, किती देऊ?" एवढेच उत्तर मिळते. कुठल्या डोंगरातली, धुतलेली की सालीसकट वाळवलेली, चिकोरी किती, यातले काहीच विक्रेत्याला ठाऊक नसते. आमच्या मते हा तोट्याचा व्यवहार आहे, आणि आमच्या समाजाने तो करावा हे अधिकच खटकणारे आहे.

कारण कॉफी जगाच्या बाजारात आली तीच मुळी येमेनमधून. तेथील सूफी रात्रीच्या जिक्रसाठी जागरण करताना कहवा पीत. 1511 साली मक्केत तिच्यावर बंदीही आली होती, पण ती टिकली नाही. सतराव्या शतकात बाबा बुडन यांनी हजहून परतताना मोख्याहून सात बिया आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. त्या डोंगरांना आजही बाबा बुडनगिरी म्हणतात.

गंमत अशी की ज्या मोख्याचे नाव जगभर झाले तेथे कॉफी पिकतच नाही. मोखा हे बंदर. कॉफी पिकते आतल्या हराझ, बनी मतर अशा डोंगराळ भागांत, दगडी बांधांच्या पायऱ्यांवर. पाणी जेमतेम, तेव्हा फळ धुणार कसे? ते सालीसकट गच्चीवर वाळते. फळाच्या गरातच दाणा वाळल्यामुळे चवीला सुक्या मेव्याचा गोडवा आणि किंचित आंबूसपणा येतो. सालही वाया जात नाही. तिच्यात आले घालून किश्र नावाचे पेय करतात. समुद्रापलीकडे इथिओपियात हरारची कॉफी अशीच वाळवलेली, जड आणि फळाच्या वासाची. त्याच देशातल्या यिर्गाचेफेची धुतलेली कॉफी मात्र हलकी, फुलांच्या वासाची, लिंबाची झाक असलेली. देश एक, पण रान आणि रीत बदलली की माल बदलतो.

आपल्याकडेही तेच आहे. अरेबिका उंचावर, थंड हवेत वाढते. फळ सावकाश पिकते, दाणा कठीण होतो, चवीला तरतरी येते. रोबस्टा सखल भागातली, कडवट आणि जोरदार. तिच्यात कॅफिन जवळजवळ दुप्पट. अरेबिका फळाची साल काढून, चिकट गर आंबवून, धुऊन वाळवली की तिला व्यापारात 'प्लांटेशन' म्हणतात. सालीसकट वाळवली की 'चेरी'. एकाच मळ्यातल्या या दोन मालांची चव वेगळी आणि भावही वेगळा. मिऱ्याच्या वेलींशेजारी वाढली म्हणून कॉफीला मिऱ्याचा वास येतो, असे काही विक्रेते ठोकून देतात. आम्हाला ते पटत नाही. सावलीच्या झाडांचे खरे काम फळ सावकाश पिकवण्याचे आणि माती धरून ठेवण्याचे.

सर्वांत नवलाची मलबारची 'मॉन्सून' कॉफी. शिडाच्या जहाजांतून माल आफ्रिकेला वळसा घालून युरोपात पोहोचायला महिनोन्‌महिने लागत. दमट हवेने दाणा फुगे, पिवळट होई, आंबटपणा जाई, आणि तिकडच्या गिऱ्हाइकांना तीच चव आवडू लागली. 1869 मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, आगबोटी आल्या, प्रवास आटोपता झाला. पण मग ती चवही गेली. तेव्हा व्यापाऱ्यांनी किनाऱ्यावरच्या उघड्या वखारींत पावसाळाभर दाणे पसरून, उलथेपालथे करून ती चव पुन्हा तयार केली. जो पाऊस एरवी माल कुजवतो त्यालाच त्यांनी कामाला लावले. कोकणातल्या आमच्या व्यापारी बांधवांना पावसाळी ओल म्हणजे काय हे सांगायला नको.

आता चिकोरीविषयी. चिकोरी हे एका झाडाचे मूळ. भाजून दळले की रंग आणि कडवटपणा देते, कॅफिन नसते, आणि कॉफीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. ती मिसळणे गुन्हा नाही. कायद्याने मिश्रणात कॉफी किमान 51 टक्के हवी आणि दोहोंचे प्रमाण पाकिटावर छापलेले हवे. पण सुटी पावडर विकताना प्रमाण सांगतो कोण? निम्मी चिकोरी घालून 'शुद्ध फिल्टर कॉफी' म्हणणे ही मिलावटच आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली, तेव्हा भिजलेले धान्य वर ठेव म्हणजे लोकांना दिसेल, असे विक्रेत्याला बजावले, ही हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. चिकोरीही वर दिसू द्यावी.

पूर्वी दुकानदाराकडे सबब होती. सगळा माल कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात जाई आणि मळ्याची ओळख तेथेच पुसली जाई. 1996 पर्यंत ती पद्धत पुरती संपली; आता मळेवाला थेट विकतो. 2019 मध्ये कूर्ग, चिकमगळूर, बाबा बुडनगिरी आणि अराकूची अरेबिका व वायनाडची रोबस्टा यांना भौगोलिक मानांकन मिळाले. मॉन्सून मलबारला ते आधीच होते. ही नावे आता कायद्याने राखलेली आहेत, कुठल्याही पावडरीवर छापता येत नाहीत. म्हणूनच खरा माल ठेवणाऱ्याला त्यांचा उपयोग.

मोठी गुंतवणूक लागेल असे समजू नये. कच्चा दाणा कोरड्या जागी महिनोन्‌महिने टिकतो, भाजलेला काही आठवडे, दळलेल्याचा वास मात्र लवकर उडतो. म्हणजे थोडे भाजावे आणि गिऱ्हाइकासमोर दळावे. चणे-शेंगदाणे भाजणाऱ्या आमच्या भट्टीवाल्यांना आच ओळखायला शिकवावे लागणार नाही, आणि पत्राकाम करणारे कारागीर फिरता ढोल सहज बनवतील. हिशेब तेवढा आधी मांडावा: भाजताना 15 ते 20 टक्के वजन घटते, म्हणजे 100 किलो कच्च्या दाण्याचे हाती 80 ते 85 किलोच येतात. भाव ठरवताना ही घट न धरता दुकान मांडले, तर पहिल्याच महिन्यात चिकोरीचा मोह होईल.