पाळण्यातला जीव आणि ज्येष्ठातली लू

मे महिन्याचा मध्य उलटला, की ग्वाल्हेर-झाशीकडील घरांच्या खिडक्या सकाळी दहा-अकराच्या आत लागतात, त्या दिवस कलल्यावरच उघडतात. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात प्रवेश करतो आणि पुढचे नऊ दिवस 'नवतपा' म्हणून ओळखले जातात. पारा ४५ अंशांवर जाणे ही या भागात नवलाई नव्हे. मोठी माणसे या दिवसांत पन्हे पितात, डोक्याला उपरणे गुंडाळतात, वाळ्याच्या ताटीआड दुपार काढतात. परंतु ज्याला अंगावरचे दुपटेसुद्धा दूर सारता येत नाही आणि रडण्यावाचून दुसरी भाषा येत नाही, अशा पाळण्यातल्या जीवाचे काय, याचा विचार या महिन्यात वाचकांसमोर मांडावा असे आम्हांस वाटले.

याच दिवसांत लेकी बाळंतपणासाठी माहेरी येतात आणि घरोघरी बाळंतिणीच्या खोलीचे जुने नियम पुन्हा जागे होतात: दारे-खिडक्या बंद, बाजेखाली शेगडी, सांज-सकाळ धुरी, बाळाला कुंची, टोपडे आणि दोन दुपटी. हे नियम आपल्या पूर्वजांनी दक्षिणेतून बरोबर आणले. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी मुक्काम कायम केला आणि त्या छावणीचेच 'लष्कर' हे नगर झाले. त्या माणसांबरोबर देव आले, सणवार आले, तशी बाळंतिणीची शेगडीही आली. ज्या मुलखात आषाढ-श्रावणात भिंतींना ओल येते आणि धुतलेली बाळंती चार-चार दिवस वाळत नाहीत, त्या मुलखात ऊब राखण्याचा हा खटाटोप शहाणपणाचाच होता. नियमाचा हेतू होता बाळाचे अंग योग्य तितके उबदार ठेवणे. ज्येष्ठातील ग्वाल्हेरीत मात्र तोच नियम शब्दशः पाळला, तर हेतूचाच घात होतो.

याचे कारण बाळाच्या शरीररचनेत आहे. वजनाच्या मानाने नवजात अर्भकाच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्या माणसाच्या दुपटी-तिपटीने अधिक असते. म्हणूनच थंडीत त्याचे अंग लवकर गार पडते. आणि भोवतालची हवा अंगाहून अधिक तापली, की तितक्याच लवकर ते तापते. घामाची व्यवस्था अद्याप पुरती जागी झालेली नसते. अपुऱ्या दिवसांच्या बाळात तर ती फारच दुर्बल असते.

गुजरातेतील एक उदाहरण या बाबतीत डोळ्यांत अंजन घालणारे आहे. २०१० सालच्या मे महिन्यात अहमदाबादेत तापमान ४६.८ अंशांपर्यंत गेले. तेथील शारदाबेन रुग्णालयाचा प्रसूतिकक्ष त्या वेळी वरच्या मजल्यावर, तापलेल्या छताखाली होता. उष्णतेने आजारी झालेली नवजात बालके अतिदक्षता विभागात येऊ लागली. पुढे तो कक्ष तळमजल्यावर हलविण्यात आला; आणि नंतरच्या उन्हाळ्यांची नोंद अभ्यासकांनी तपासली, तेव्हा अशा बालकांची संख्या घटल्याचे दिसून आले. नवे औषध नाही, यंत्र नाही. केवळ एक जिना खाली उतरणे! ज्यांचे घर दुमजली आहे, त्यांनी माडीवरची खोली कितीही प्रशस्त असली, तरी बाळंतिणीला खालच्या मजल्यावर, पूर्व वा उत्तरेकडच्या खोलीत ठेवावे. पश्चिमेची भिंत दिवसभर तापून रात्री उष्णता ओकते.

खोली दुपारी बंद आणि पहाटे-रात्री उघडी, हा क्रम ठेवावा. कोरड्या उष्म्यात कूलर उत्तम काम करतो. मात्र समोरची खिडकी थोडी उघडी हवी, नाही तर आतली हवा दमट होऊन उकाडा वाढतो. गोव्यासारख्या दमट प्रदेशात त्याचा उपयोग बेताचाच. वातानुकूलन यंत्र असेल तर ते २५ ते २७ अंशांवर ठेवावे आणि त्याचा झोत बाळावर येऊ देऊ नये. शेगडी मात्र खोलीबाहेरच असावी. बंद खोलीतील कोळशाच्या धगीतून जो विषारी वायू निघतो, त्याला वास नसतो. तो प्राणघातक ठरू शकतो. ओवा-वावडिंगाची धुरीही बाळाच्या इवल्या फुप्फुसांना सोसणारी नव्हे.

अंगावर जुन्या धोतराचे वा लुगड्याचे, अनेकदा धुतलेले सुती झबले पुरे. घरात टोपडे नको. अर्भकाच्या अंगातील उष्णता बाहेर पडण्याची मोठी वाट डोके हीच आहे. हातपाय गार लागले म्हणून आजीबाई लगेच दुपटे घालतात. परंतु नवजाताचे हातपाय थोडे गार असणे स्वाभाविक आहे. पारख करायची ती छातीला किंवा मानेच्या मागे हात लावून. तेथे घाम आला असेल किंवा चटका जाणवत असेल, तर एक वस्त्र कमी करावे.

आता पाण्याविषयी. 'एवढ्या उन्हात लेकराच्या घशाला कोरड पडत नसेल का?' हा प्रश्न मायेचा आहे. त्याचे उत्तर आईच्या दुधातच आहे. त्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते. पहिले सहा महिने, कडक उन्हाळ्यातसुद्धा, बाळाला वरचे पाणी देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. वरच्या पाण्याने पोट भरते, दूध कमी पडते, अतिसाराचा धोका येतो. साखरपाणी, घुटी, मध यांनाही तोच निषेध. मध तर वर्षापर्यंत नकोच. उन्हाळ्यात बाळाला वारंवार पदराखाली घ्यावे, आणि पाणी, ताक, सरबत द्यायचे ते बाळंतिणीला! पहिला आठवडा सरत आला, की दिवसाकाठी सहा तरी लंगोट ओले व्हावेत. याहून कमी झाले, तोंड कोरडे दिसले किंवा टाळू खोल गेली, तर ती धोक्याची सूचना समजावी.

'कावीळ आहे, कोवळ्या उन्हात धरा' हाही सल्ला घरोघरी ऐकू येतो. त्याला आधारच नाही असे नव्हे. १९५६ साली इंग्लंडमधील रॉचफर्डच्या रुग्णालयात एका परिचारिकेने उन्हात ठेवलेल्या बाळांचा पिवळेपणा उतरल्याचे पाहिले आणि १९५८ पर्यंत तेथील डॉक्टरांनी दिव्याच्या प्रकाशाचा उपचार सिद्ध केला. परंतु उन्हात प्रकाशाबरोबर ताप आणि दाहही येतो. म्हणूनच रुग्णालयात आज केवळ निळा प्रकाश मोजून देतात. आपल्याकडे मेमध्ये सकाळी आठचे ऊनही कोवळे राहत नाही. पहिल्या चोवीस तासांत पिवळेपणा दिसला किंवा तो तळहात-तळपायांपर्यंत पोहोचला, तर अंगणात न जाता रुग्णालय गाठावे. हाडांसाठी लागणारे 'ड' जीवनसत्त्व डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे थेंबांतून देता येते. त्यासाठी बाळाला उन्हात धरण्याची गरज नाही.

सर्वांत नाजूक प्रसंग तापाचा. घरात साधा तापमापक असावा. काखेतील ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस तापमान बाळासाठी योग्य होय. त्याहून थोडे अधिक भरले आणि बाळ नीट पीत असेल, तर जादा कपडे काढावेत, गार खोलीत न्यावे, पाजावे आणि अर्ध्या तासाने पुन्हा पाहावे. तापमान न उतरल्यास, ३८ वर गेल्यास, किंवा बाळ दूध ओढेनासे, मलूल वा अतिशय चिडचिडे झाल्यास, 'उष्णता झाली असेल' म्हणून स्वस्थ बसू नये. या वयात जंतुसंसर्गाचा तापही असाच दिसतो, आणि दोहोंतील भेद डॉक्टरांनीच करावयाचा असतो. घरच्या घरी औषध किंवा बर्फाचा प्रयोग करू नये.

लसीकरणासाठी बाहेर पडावे लागले, तर सकाळी लवकर निघावे. लू लागू नये म्हणून बाळाला शालीत नखशिखांत गुंडाळू नये. सावली छत्रीची द्यावी, तोंडावर वारा खेळता ठेवावा. उभ्या बंद मोटारीत बाळाला क्षणभरही एकटे ठेवू नये. दहा मिनिटांत आतील तापमान सुमारे दहा अंशांनी वाढते. बारशाचा थाटही सायंकाळी व्हावा, आणि जरीची कुंची नाव ठेवण्यापुरतीच अंगावर असावी.

आमच्या आज्या-पणज्यांनी हवा पाहूनच नियम घातले होते. आपण त्यांचे वंशज म्हणवतो, तर आपणही आपल्या गावची हवा पाहावी. या ज्येष्ठात ज्या घरी पाळणा हलत असेल, तेथील वडीलधाऱ्यांनी शेगडी अंगणात ठेवावी आणि खालची खोली मोकळी करावी, एवढेच आमचे सांगणे आहे.